टोपीवाला बुटका, मेड इन अणदूर

एचआरचा मेल आला की माझ्या पोटात गोळाच येतो. मेल अप्रेझलचा असो नाहीतर पॉटलकचा, इफेक्ट सेम! या वेळी सब्जेक्ट लाइन होती, ‘ऑटम व्हाइब्ज’. प्रत्येकानं आपापलं डेस्क ‘फॉल थीम’मध्ये सजवायचं, बेस्ट डेस्कला गिफ्ट व्हाउचर. सोबत रेफरन्स फोटो. केशरी पानं, भोपळे आणि नाकापर्यंत टोपी ओढून बसलेले दाढीवाले म्हातारे. ग्नोम म्हणतात म्हणे त्यांना, आणि त्यातला ‘ग’ म्हणायचा नसतो. म्हणजे नोम. लहानपणी ‘हिमगौरी आणि सात बुटके’ ऐकली असेल ना? त्यातलाच एखादा समजा.

खिडकीबाहेर बघितलं. हिंजवडीत ऑक्टोबर हीट नुसती रणरणत होती आणि एकाही झाडाचं एकही पान गळत नव्हतं. गळणार कसं? आपल्याकडे शरदात पानं गळतच नाहीत, ती गळतात शिशिरात. पण हे एचआरला कोण सांगणार!

ऑनलाइन शोधलं तर वीतभर उंचीचा कापडी बुटका नऊशे नव्याण्णवला. वर डिलिव्हरी चार्जेस. म्हटलं, चिंध्या भरलेल्या टोपीला हजार रुपये? बॉस, हे काही झेपणार नाही. आणि नेमकी तेव्हाच मी गावाला निघाले होते. आमच्या काकूचा हात प्लास्टरमध्ये, दिवाळी दोन आठवड्यांवर, आणि साफसफाईला माणूस नाही. बाबांचा हुकूम आला, ‘वीकेंडला अणदूरला जाऊन ये.’

१८ ऑक्टोबर २०२४, शुक्रवार. लॅपटॉप मिटला, संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडली, रात्री सोलापुरात मावशीकडे मुक्काम आणि सकाळी एसटी.

देव एक, देवळं दोन

अणदूर तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं, तुळजापूर तालुक्यातलं गाव. नळदुर्गचा किल्ला, त्यातला पाणीमहाल आणि पावसाळ्यातले ते नर-मादी धबधबे बघायला तुमच्यापैकी कुणी गेलं असेल, तर अणदूरच्या अगदी शेजारून गेलाय. आमच्या गावाची खरी ओळख म्हणजे खंडोबा. मूर्ती एक आणि देवळं दोन. एक आमच्या गावात, दुसरं नळदुर्गला. वर्षाचा मोठा काळ देव आमच्याकडे, मग वाजतगाजत मुक्काम हलतो, थोडे दिवस तिकडे, की पुन्हा परत. हायब्रिड वर्किंगचा याच्याइतका जुना नमुना मी तरी पाहिलेला नाही.

घरी पोचले तर अंगणात सोयाबीनची पोती. काका एका पोत्यावर बसून फोनवर भाव विचारत होते. त्या वर्षीचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये आणि बाजारात मिळत होते त्याहून कितीतरी कमी. काकांचा चेहरा बघून मी ग्नोमचा विषय गिळला.

आज्जी मात्र फॉर्मात होती. वय ऐंशीच्या पुढे, कमरेत वाकलेली, पण सुईत दोरा अजून चष्म्याशिवाय ओवते. (मी चष्मा लावूनही दोनदा चुकते.) दुपारी जरा आडवी झाले आणि मोबाइलवर ते फोटो बघत बसले, तर ही मागून डोकावली.

“काय बगलालीस गं फोनमदी? कोन हे? म्हाताऱ्याला डोळेच न्हाईत की.”

मग सगळं सांगावंच लागलं. ऑफिस, मेल, व्हाउचर. मी नेटवर वाचलेलं ज्ञानही पाजळलं. स्वीडनमध्ये याला टोम्टे म्हणतात. तो शेताचा आणि गोठ्याचा राखणदार. कुणाला दिसत नाही, पण रात्री जनावरांवर नजर ठेवतो. ख्रिसमसच्या आदल्या रात्री त्याच्यासाठी लोणी घातलेल्या लापशीचा वाडगा ठेवायचा. विसरलात तर साहेबांचा पारा चढतो आणि सकाळी गाईंच्या शेपट्या एकमेकींना बांधलेल्या सापडतात! येनी न्यूस्त्रम नावाच्या चित्रकर्तीनं १८८१ मध्ये एका कवितेसाठी त्याची चित्रं काढली आणि आज दिसतो तो लाल टोपीवाला दाढीवाला तिथून घरोघर पोचला. इंग्लंडमध्ये बागेत बुटके बसवायचं वेड आणलं सर चार्ल्स आयशम या जमीनदारानं. त्यानं १८४७ मध्ये जर्मनीहून मातीचे एकवीस पुतळे आणून आपल्या लॅम्पोर्ट हॉलच्या बागेत मांडले. त्यातला एकच उरलाय. त्याचं नाव लॅम्पी.

आज्जीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “मंजे म्हसोबाच की,” ती म्हणाली. “बांधावर बसतोय, राखन करतोय, निवद न्हाई दिला की कोपतोय.”

मी गप्प. खरंच की! आमच्याकडे वेळ अमावस्येला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, शेतात कडब्याची कोप उभारतात. आत पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे असा नैवेद्य दाखवायचा आणि अख्ख्या गावानं शेतात जेवायचं. लहानपणी त्या कोपीत आम्ही पोरं शिरायचो. तोच तो छोटासा, वर निमुळता होत गेलेला, टोपीसारखा आकार. एवढी वर्षं बघत आले आणि कधी लक्षातच आलं नाही.

“पैशे कशाला घालतीस?” आज्जी उठली. “ट्रंक काढ माळ्यावरची. तसंबी साफ करायचीच हाय.”

ट्रंकेतलं मटेरियल

तर मंडळी, आता कामाची गोष्ट. मला शिवण येत नाही. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला रुमालाला धावदोरा घातला होता, तेवढाच माझा अनुभव. तरीही दोन तासांत माझा बुटका उभा राहिला. म्हणजे तुमचाही राहील.

टोपी महत्त्वाची. बाजारातल्या बुटक्यांच्या टोपीत आतून कडक अस्तर घालतात, नाहीतर ती मान टाकते. आज्जीनं ट्रंकेतून विरलेली सोलापुरी चादर काढली. जीआय मानांकनवाली, तीच ती! कडेची नक्षी अजून ठसठशीत आणि वीण इतकी जाड की अस्तराची गरजच नाही. तिचा एक त्रिकोण कापायचा. पाया ३० सेंटीमीटर, दोन्ही बाजू ३५. त्या दोन बाजू उलट्या बाजूनं एकमेकींना जोडायच्या, सुलटं करायचं, टोक पेन्सिलनं बाहेर काढायचं. झाली टोपी.

अंगासाठी २८ बाय १८चा आयताकृती तुकडा. मी आजोबांच्या जुन्या धोतराचा घेतला, दुहेरी करून. अठराच्या बाजू जोडल्या की नळी तयार होते. खालच्या तोंडाला धावदोरा घालून ओढायचा, बटव्यासारखा. गाठ मारायची. आता बुडाशी वजन हवं, नाहीतर स्वारी पहिल्याच फॅनला आडवी. परदेशी कृतींमध्ये इथं तांदूळ नाहीतर राजमा भरतात. मी निरागसपणे ज्वारीचा डबा उघडला आणि आज्जीचा असा काही आवाज लागला, की अंगणातले काका आत आले! अन्न कुणी चिंध्यात भरतं का? मग वाळू आणली. धुऊन, चुलीच्या उबेला वाळवून, प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून दोन मुठी आत घातली. वर चिंध्या. चिंध्या बारीक कापून भरा, हा माझा अनुभवाचा सल्ला. मी आळस केला, मोठे बोळे कोंबले आणि माझ्या बुटक्याला डाव्या कुशीवर एक टेंगूळ आलंय. ते शेवटपर्यंत गेलं नाही. वरचं तोंडही तसंच ओढून बंद.

दाढी हा सगळ्यात धमाल पार्ट. नेटवर फरचं कापड वापरा म्हणतात. अणदूरला फर कुठून आणू? पण पोती शिवायची सुतळी होती ना! वीत-वीतभर तुकडे कापले, मधोमध दुमडून एकत्र बांधले, पीळ उलगडला आणि जुन्या कंगव्यानं विंचरले. काय सांगू, अशी झुपकेदार, सोनेरी दाढी आली की फरच्या तोंडात मारेल. फक्त अंगणात बसून करा. घरभर तूस उडतं आणि नंतर शिंका मी मोजल्या नाहीत.

नाकाला मणी लावतात. देव्हाऱ्याजवळच्या डबीत मला कवड्या दिसल्या, मस्त गुळगुळीत, अगदी नाकासारख्या. हात घातला मात्र, “ती आईची हाय!” तुळजाभवानीची कवडी. आमच्या भागात कवड्यांची माळ गळ्यात घालून लोक देवीला जातात. तीनच दिवसांपूर्वी कोजागिरी झाली होती आणि सोलापूरकडून चालत तुळजापूरला जाणाऱ्या लोकांनी रस्ते भरून गेले होते. कवडी निमूटपणे डबीत परत गेली. मग कापडाचंच नाक केलं. सहा सेंटीमीटरचा गोल, कडेनं धावदोरा, आत कापूस, आणि ओढून गाठ. लिंबाएवढं छान फुगतं.

शेवटी जोडणी. दाढी अंगाला पुढून शिवायची, तिच्या वरच्या टोकाला नाक, आणि मग टोपी खाली ओढायची, अगदी नाकाला टेकेपर्यंत. सुई चादरीतून जाईना तेव्हा काकांची पोती शिवायची दाभण घेतली. टोपीच्या कडेनं लांब लांब टाके. वाकडे गेले तरी चालतात, दाढीत लपतात.

आणि इथंच या बुटक्याची खरी गंमत आहे. त्याला चेहरा नाही. डोळे नाहीत, तोंड नाही, काही काढायचं नाही. ज्याला साधी स्मायली काढता येत नाही, त्यालाही हा जमतो. बाहुली बिघडते ती चेहऱ्यात. इथं चेहराच टोपीखाली, बिघडणार काय?

हे मी आज्जीला मोठ्या उत्साहानं सांगितलं. ती जरा वेळ काहीच बोलली नाही. मग ट्रंकेच्या तळाशी हात घालून तिनं कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं.

भावली

चिंध्यांची बाहुली. हातभर लांब, हिरव्या लुगड्याच्या कापडाची, रंग आता शेवाळासारखा झालेला. डोक्याला काळ्या दोऱ्याचा अंबाडा. हात म्हणजे दोन गाठी. आणि चेहरा कोरा. डोळ्यांच्या जागी काहीच नाही.

“हिचे डोळे निघून गेले?” मी विचारलं.

“काडलेच न्हाईत. अंधारात कुठनं काडू?”

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र संपून उजाडायच्या आत, पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. माझा जन्म त्यानंतर तीन वर्षांचा. शाळेच्या पुस्तकात वाचलं होतं. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली बावन्न गावं उद्ध्वस्त, मृतांचा आकडा आठ हजारांच्या आसपास. दगड-मातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. आमचं घर उभं राहिलं, एक भिंत फाटली. एवढंच बाबांकडून ऐकलेलं. ते तेव्हा कॉलेजला सोलापुरात होते.

आज्जीचं माहेर सास्तूरकडचं आहे, हे मला माहीत होतं. सास्तूर म्हणजे किल्लारीइतकाच मार बसलेलं गाव. पण या दोन गोष्टी मी कधी एकमेकींना जोडल्याच नव्हत्या.

त्या रात्री अख्खं अणदूर बाहेर झोपलं. घरात जायची कुणाची छाती होईना. लाइट नव्हती, आभाळ भरलेलं, अधूनमधून पाऊस. आमच्या घरातला एकुलता एक कंदील आजोबा घेऊन गेले होते, गाडी मिळते का बघायला. सकाळी आज्जीला माहेरी निघायचं होतं. आणि आत्या, बाबांची धाकटी बहीण, तेव्हा सात वर्षांची, आज्जीचा पदर सोडायला तयार नव्हती. जमीन जरा हलल्यासारखी वाटली की किंचाळायची. लेकराला तिकडं नेणं शक्यच नव्हतं.

“मंग मी काय केलं,” आज्जी म्हणाली, “अंगावरचं लुगडं फाडलं पदराकडनं. वाकळंतली सुई होती कनवटीला. हातानं चाचपून चाचपून शिवली. आत चिंध्या भरल्या. सकाळच्याला तिच्या हातात दिली. म्हनलं, मी येस्तोवर हिला धर. हिला माझा वास हाय.”

कोपीत बसून. कडब्याची ती कोप खळ्यावर पावसासाठी घाईघाईनं उभी केली होती. वेळ अमावस्येला करतात तसलीच.

आज्जी पाच दिवसांनी परत आली. तिचा धाकटा भाऊ गेला होता. तिकडं काय बघितलं, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ती बाहुलीच्या हाताची सुटलेली गाठ घट्ट करत बसली. मी टेंगूळवाल्या बुटक्याच्या टोपीला उरलेले टाके घालत बसले. बाहेर काका सोयाबीनच्या पोत्यांवर ताडपत्री ओढत होते.

ऑफिसमधल्या त्या मेलवर मी केवढी वैतागले होते! आपला काय संबंध त्या ऑटमशी, असं. संबंध नाही तो नाहीच, माझं मत बदललेलं नाही. मेपलची केशरी प्लॅस्टिक पानं मला आजही हास्यास्पद वाटतात. पण आमच्या घरात या मोसमाला चिंध्या, सुई आणि बिनचेहऱ्याचं एक माणूस होतंच. ट्रंकेच्या तळाशी होतं, एवढंच.

संध्याकाळी दोघांना शेजारी शेजारी उंबऱ्यावर बसवलं आणि फोटो काढून आत्याला व्हॉट्सॲप केला. आत्या हैदराबादला असते, बँकेत. कायम मीटिंगमध्ये. तिचा रिप्लाय साधारण दुसऱ्या दिवशी येतो, तोही अंगठा. या वेळी मिनिटभरात व्हिडिओ कॉल! बुटक्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

“वैनीनं फेकली म्हणाले होते तुम्ही सगळे मला,” ती म्हणाली. आवाज बसलेला.

“फेकीन कशी?” आज्जी फोनच्या फार जवळ तोंड नेऊन ओरडली. तिला अजून वाटतं, हैदराबाद लांब आहे. “मळली हाय गं लई. उद्या रिठ्यात घालून धुते. दिवाळीला येशील तवा ने.”

“आई, धुऊ नको.”

“अगं, एकतीस वर्साची घान हाय—”

“आई. धुऊ नको म्हणतेय ना.”

आज्जीनं बाहुली पुन्हा कागदात गुंडाळली. ट्रंकेत नाही ठेवली, उशाशी ठेवली. दिवाळीला आत्या आली, तिनं ती नेली. आता तिच्या कपाटात साड्यांच्या घडीत असते, असं कळतं.

माझा बुटका सोमवारी हिंजवडीत आला. मॉनिटरच्या शेजारी बसतो, टेंगळामुळे जरा डावीकडे कलतो. सोलापुरी चादरीच्या टोपीवर अर्धा मोर आलाय, तो कापताना माझ्या लक्षातच आला नव्हता. व्हाउचर मिळालं नाही. ते मिळालं फेअरी लाइट्सवाल्या फायनान्सच्या मुलीला. पण परीक्षणाला आलेली एचआरवाली माझ्या डेस्कपाशी दाढीला हात लावत बराच वेळ रेंगाळली.

“सो क्यूट! कुठून ऑर्डर केलास?”

“अणदूर.”

“वेबसाइट आहे त्यांची?”

आता गंमत अशी झालीय, की चार जणांना हा प्रकार शिकायचाय. मी अट घातली. कापड विकत आणायचं नाही, घरातलं जुनं, कुणाच्या तरी अंगावरचं आणायचं. टेस्टिंगमधला एक जण वडिलांचा युनिफॉर्मचा खाकी शर्ट आणतोय. एकीच्या आईनं लग्नातला शालू कापायला साफ नकार दिलाय, तर ती ब्लाउजपीसवर भागवणार आहे. गुरुवारी लंच अवरला मीटिंग रूम बुक केलीय. सुतळी ज्यानं त्यानं आणायची. दाभण मी काकांकडून मागवलीय.